आल्फोन्स पेनो

आल्फोन्स पेनो (जन्म : ३१ मे १८५०, पॅरिस, मृत्यू : ऑक्टोबर १८८०) हे एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच विमानविद्या संशोधक होते. पिळलेल्या रबराच्या शक्तीवर चालणारी उडत्या यंत्रांची लहान मॉडेल त्यांनी तयार केली. त्यांपैकी १८७१ मधील प्लॅनोफोर हे स्वतःचा तोल स्वतः सांभाळत उडालेले पहिले विमानसदृश मॉडेल मानले जाते. प्रोपेलर, त्याला फिरवणारी शक्ती आणि विमानाचा तोल या तीन गोष्टींचा एकत्रित विचार करून त्यांची जुळणी साधणाऱ्या आरंभीच्या संशोधकांमध्ये त्यांची गणना होते. १८७६ मध्ये त्यांनी माणसे वाहून नेणाऱ्या मोठ्या विमानाच्या आराखड्याचे पेटंट घेतले. परंतु त्या काळी पुरेसे हलके इंजिन उपलब्ध नव्हते आणि आर्थिक पाठबळही मिळाले नाही, त्यामुळे ते विमान प्रत्यक्षात उतरले नाही. वयाच्या तिसाव्या वर्षी त्यांनी आत्महत्या केली.

प्रारंभिक जीवन

पेनो यांचा जन्म नौदलाची परंपरा असलेल्या कुटुंबात झाला. नौदलात अधिकारी होण्याचा मार्ग त्यांच्यासाठी स्वाभाविक होता. मात्र कमरेच्या सांध्याच्या वाढत जाणाऱ्या विकारामुळे तो बंद झाला. चालण्यासाठी त्यांना कुबड्यांचा आधार घ्यावा लागे. शारीरिक सेवेची वाट खुंटल्यानंतर ते तरुणपणीच हवेतील उड्डाणाच्या प्रश्नाकडे वळले.

त्या काळातील पॅरिस हे या विषयाचे एक महत्त्वाचे केंद्र होते. अँरी जिफार यांनी १८५२ मध्ये वाफेच्या इंजिनावर चालणारे वायुजहाज याच शहरातून उडवले होते. हवेपेक्षा जड यंत्रांचे समर्थक आणि बलूनचे समर्थक यांच्यात वाद चालू होता. १८६८ पासून लेरोनोत नावाचे उड्डाणविषयक नियतकालिक तेथून प्रसिद्ध होत असे. या वर्तुळात पेनो अल्पावधीत परिचित झाले. ते स्वतः मॉडेल बनवत, त्यांची मोजमापे ठेवत आणि त्यांवरून निघणारे निष्कर्ष लेखांतून मांडत.

पार्श्वभूमी

पेनो यांच्या आधीही उडत्या यंत्रांची मॉडेल बनवण्यात आली होती. लोन्वा आणि ब्यँव्हन्यू या फ्रेंच जोडीने १७८४ मध्ये धनुष्याच्या ताणावर चालणारे छोटे हेलिकॉप्टर दाखवले होते. त्याला वर आणि खाली असे पिसांचे दोन पंखे होते व ते परस्परविरुद्ध दिशांनी फिरत. इंग्लंडमध्ये जॉर्ज केली यांनी त्याच तत्त्वावरचे खेळणे तयार केले. त्यांनीच विमानाचे पंख, शेपूट आणि पुढे ढकलणारे साधन या गोष्टींचा वेगवेगळा विचार केला. पुढे जॉन स्ट्रिंगफेलो यांनी वाफेच्या इंजिनावर, तर फेलिक्स द्यु ताँप्ल यांनी घड्याळाच्या स्प्रिंगवर व नंतर वाफेवर मॉडेल चालवण्याचे प्रयत्न केले.

या सर्वांपुढील मुख्य अडचण शक्तीच्या साधनाची होती. धनुष्याचा ताण काही क्षणांत संपे. पोलादी स्प्रिंग साठवलेल्या शक्तीच्या मानाने फार जड पडे. वाफेच्या इंजिनाला बाष्पक, पाणी आणि इंधन यांचे ओझे वाहावे लागे. परिणामी एखादे मॉडेल उडाले नाही तर दोष पंखांचा, प्रोपेलरचा की इंजिनाचा, हे ठरवणे अवघड होते.

पिळलेले रबर

१८७० मध्ये पेनो यांनी या प्रश्नावर साधा उपाय शोधला. रबराचे पट्टे ताणण्याऐवजी त्यांना पीळ देऊन त्यांनी ती शक्ती थेट फिरत्या दांड्याला दिली. पीळ उलगडू लागला की दांडा फिरतो आणि त्यावर बसवलेला प्रोपेलरही फिरतो. यासाठी दंतचक्रे, साखळी किंवा अन्य जोडणी लागत नाही. पिळलेले रबर आपल्या वजनाच्या मानाने पोलादी स्प्रिंगपेक्षा कितीतरी अधिक ऊर्जा साठवते. ते स्वस्तही असते आणि तुटल्यास लगेच बदलता येते.

या युक्तीचा पहिला उपयोग त्यांनी हेलिकॉप्टरच्या मॉडेलसाठी केला. त्यात एकावर एक असे दोन पंखे होते आणि ते विरुद्ध दिशांनी फिरत. एकच पंखा ठेवला असता तर त्याच्या प्रतिक्रियेने यंत्राचा सांगाडा उलट दिशेने गरगरला असता. दोन विरुद्ध पंख्यांमुळे ही प्रतिक्रिया परस्पर रद्द होई. हे मॉडेल सुमारे १५ मीटर उंचीपर्यंत जाई. पंख्यांच्या पात्यांची रचना बदलली की ते बाणासारखे झपाट्याने वर जाई किंवा कमी उंचीवर काही सेकंद तरंगत राही. शक्ती तीच ठेवून केवळ पंखा बदलल्याने उड्डाणाचे स्वरूप बदलते, हे या प्रयोगांतून स्पष्ट झाले.

प्लॅनोफोर

हेलिकॉप्टरनंतर पेनो यांनी स्थिर पंखांच्या विमानाचे मॉडेल हाती घेतले. त्याला त्यांनी प्लॅनोफोर हे नाव दिले. एका लांब काठीच्या पुढच्या भागावर पंख आणि मागच्या भागावर शेपूट अशी त्याची रचना होती. पिळलेले रबर काठीला समांतर बसवले होते. दोन पात्यांचा प्रोपेलर सर्वांत मागे, शेपटाच्याही पलीकडे होता आणि तो विमानाला मागून ढकलत असे. पंखांचा विस्तार सुमारे ४५ सेंटिमीटर, लांबी सुमारे ५० सेंटिमीटर आणि प्रोपेलरचा व्यास सुमारे २१ सेंटिमीटर होता. संपूर्ण मॉडेलचे वजन केवळ १६ ग्रॅम होते. त्यांपैकी सुमारे ५ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ एकतृतीयांश वजन, एकट्या रबराचे होते.

१८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसमधील त्युलरी उद्यानात, उड्डाणविद्येच्या अभ्यासकांच्या संस्थेच्या सदस्यांसमोर, पेनो यांनी हे मॉडेल उडवून दाखवले. फ्रान्स-प्रशिया युद्ध आणि पॅरिस कम्यूनचा रक्तरंजित शेवट यांना त्या वेळी काही महिनेच झाले होते. उद्यानालगतचा त्युलरी राजवाडा त्याच वर्षीच्या मे महिन्यात जाळण्यात आला होता. रबराला सुमारे २४० पीळ देऊन सोडलेले मॉडेल ११ सेकंद हवेत राहिले. त्याने कापलेले अंतर वेगवेगळ्या वृत्तांतांत ४० ते ६० मीटर असे दिलेले आढळते.

अंतरापेक्षा त्या उड्डाणाची रीत अधिक महत्त्वाची होती. मॉडेलमध्ये कोणी चालक नव्हता आणि हातातून सुटल्यावर त्यावर कोणाचेही नियंत्रण नव्हते. तरीही ते एका बाजूला कलंडले नाही, नाक वर करून थबकले नाही किंवा सूर मारून खाली आले नाही.

स्थैर्याची रचना

प्लॅनोफोरच्या पंखांची टोके वर वळवलेली होती. मॉडेल एका बाजूस कलून त्या बाजूला घसरू लागले की खालच्या पंखाला अधिक उचल मिळे आणि ते पुन्हा सरळ होई. शेपटाचा आडवा पट्ट पंखांपेक्षा सुमारे ८ अंश कमी कोनात बसवलेला होता. नाक वर गेल्यास शेपटाला तुलनेने अधिक उचल मिळून नाक खाली येई. नाक खाली गेल्यास याच्या उलट घडे. विमानाचा गुरुत्वमध्य योग्य जागी असेल तर ही रचना आपोआप काम करते. शेपटाच्या या मांडणीला पुढे पेनो यांचे नाव मिळाले. केली यांनी शेपटाचे महत्त्व आधीच ओळखले होते, परंतु शक्तीवर चालणाऱ्या यंत्रात त्याचा खात्रीशीर प्रत्यय प्रथम प्लॅनोफोरने दिला.

प्रोपेलर आणि शक्ती यांची जुळणी

प्लॅनोफोरचा प्रोपेलर पंखांच्या विस्ताराच्या जवळजवळ निम्मा होता. आजच्या इंजिनवर चालणाऱ्या विमानांशी तुलना करता हे प्रमाण फार मोठे वाटते. त्यामागे शक्तीच्या साधनाचा स्वभाव आहे.

कोणताही प्रोपेलर हवा मागे ढकलून विमानाला पुढे नेतो. तेवढ्याच शक्तीत पुष्कळ हवा हळू ढकलणे हे थोडी हवा जोरात ढकलण्यापेक्षा अधिक फायद्याचे असते. म्हणून संथ उडणाऱ्या यंत्राला मोठ्या व्यासाचा आणि कमी वेगाने फिरणारा प्रोपेलर मानवतो. परंतु व्यास वाढला की तो फिरवण्यासाठी अधिक पीळ-बल लागते. रबराचा जुडगा जाड व आखूड केला तर हे बल वाढते, पण त्याला थोडेच पीळ देता येतात आणि उड्डाण लवकर संपते. जुडगा बारीक व लांब केला तर पुष्कळ पीळ बसतात, पण बल कमी पडते.

दुसरा मुद्दा पिचचा. घन पदार्थात स्क्रू जसा एका फेऱ्यात ठराविक अंतर पुढे सरकतो, तसे प्रोपेलरने एका फेऱ्यात तत्त्वतः कापावयाचे अंतर म्हणजे त्याचे पिच. हवा घन नसल्यामुळे प्रत्यक्ष अंतर त्याहून वेगळे असते व सामान्यतः कमी भरते. प्लॅनोफोरचे अंतर आणि पिळांची संख्या यांचा भागाकार केल्यास, सर्व पीळ उड्डाणातच उलगडले असे धरून, एका फेऱ्यामागे सुमारे १७ ते २५ सेंटिमीटर प्रगती दिसते. म्हणजे मॉडेल दर फेऱ्याला साधारण प्रोपेलरच्या व्यासाइतके पुढे जात होते. पिच फार कमी ठेवले असते तर पीळ भराभर उलगडून वाया गेले असते. ते फार जास्त ठेवले असते तर आरंभीच्या कमी वेगात पात्यांना हवेची पकड मिळाली नसती.

याशिवाय पिळलेल्या रबराचे बल समान राहत नाही. सुरुवातीला ते उसळून येते आणि नंतर घटत जाते. या चढउतारातही तोल टिकवायचा असेल तर विमानाची रचना मुळातच स्थिर असावी लागते. पेनो यांच्या कामात प्रोपेलरचा प्रश्न आणि स्थैर्याचा प्रश्न परस्परांत गुंतलेले होते ते या अर्थाने.

अन्य संशोधन

१८७० च्या दशकाच्या पूर्वार्धात पेनो यांनी पक्ष्याप्रमाणे पंख फडफडवणारे रबरी शक्तीचे मॉडेलही तयार केले व ते यशस्वीपणे उडवले. अशा प्रकारे हेलिकॉप्टर, स्थिर पंखांचे विमान आणि फडफडत्या पंखांचे यंत्र या तिन्ही प्रकारांची उडणारी मॉडेल त्यांच्या नावावर आहेत. पक्ष्यांचे उड्डाण, हवेचा विरोध आणि उड्डाणासाठी लागणारी शक्ती यांवरही त्यांनी लेखन केले. मोठे यंत्र बांधायचे झाल्यास स्थिर पंख आणि प्रोपेलर हाच मार्ग त्यांनी निवडला.

१८७६ चे पेटंट

फेब्रुवारी १८७६ मध्ये पेनो यांनी यंत्रज्ञ पॉल गोशो यांच्यासह एका मोठ्या विमानाच्या आराखड्याचे पेटंट घेतले. दोन माणसांना वाहून नेणारे हे विमान जमिनीवर तसेच पाण्यावर उतरू शकेल अशी कल्पना होती. त्याचे लंबवर्तुळाकार पंख एकाच पातळीवर होते. समोर दोन प्रोपेलर होते व ते परस्परविरुद्ध दिशांनी फिरणार होते. चाके उड्डाणानंतर वर ओढून घेता येणार होती. चालकासाठी काचेचे आच्छादन होते. मागील सुकाणू आणि विमान वर-खाली वळवणारे पट्ट एकाच दांड्याने हलवण्याची सोय होती. यांतील अनेक गोष्टी पुढील काळात विमानांत दिसू लागल्या.

विमानाचे एकूण वजन सुमारे १,२०० किलोग्रॅम, आवश्यक शक्ती २० ते ३० अश्वशक्ती आणि वेग ताशी सुमारे ९५ किलोमीटर असा अंदाज होता. आजच्या हिशेबाने हा शक्तीचा अंदाज आशावादी ठरतो. तेवढी शक्ती देणारे आणि विमानात बसवण्याइतके हलके इंजिन मात्र तेव्हा अस्तित्वातच नव्हते. निकोलाउस ओटो यांचे चार टप्प्यांचे इंजिन जर्मनीत त्याच १८७६ मध्ये तयार झाले, पण ते जड होते आणि कारखान्यात एका जागी उभे राहून चालणारे होते.

येथे आकारमानाचा नियमही आड येत होता. एखाद्या मॉडेलची लांबी, रुंदी आणि उंची दुप्पट केली तर पंखांचे क्षेत्रफळ चौपट होते, पण वजन आठपट होते. ते हवेत ठेवण्यासाठी लागणारी शक्ती त्याहूनही अधिक वाढते. त्यामुळे १६ ग्रॅमच्या मॉडेलमध्ये साधलेली प्रोपेलर आणि शक्ती यांची जुळणी केवळ आकार वाढवून मोठ्या विमानात उतरवता येत नव्हती.

अखेरची वर्षे आणि मृत्यू

पेटंट घेतल्यानंतरची चार वर्षे पेनो यांनी विमानासाठी पैसा आणि पाठबळ मिळवण्याच्या प्रयत्नांत घालवली. त्यांच्या योजनेवर टीका झाली आणि तिची टिंगलही झाली. त्याच काळात त्यांची प्रकृती अधिक ढासळत गेली. अखेरीस त्यांनी अँरी जिफार यांच्याकडे मदत मागितली. जिफार यांनी बाष्पकात पाणी भरण्याच्या एका साधनाच्या शोधातून मोठी संपत्ती मिळवली होती आणि उड्डाणाच्या प्रश्नात त्यांना स्वतः रस होता. परंतु त्यांच्याकडूनही पेनो यांना साहाय्य मिळाले नाही.

पेनो यांनी आपले आराखडे व कागदपत्रे एका लहान शवपेटीत ठेवून ती जिफार यांच्या घरी पोचवली, असे त्यांच्या चरित्रांतून सांगितले जाते. त्यानंतर ऑक्टोबर १८८० मध्ये त्यांनी आपले जीवन संपवले. त्यांचे वय तेव्हा ३० वर्षे होते. दृष्टी अधू होत गेलेल्या जिफार यांनीही १८८२ मध्ये आत्महत्या केली आणि आपली संपत्ती फ्रेंच राष्ट्राच्या नावे ठेवली.

प्रभाव

पेनो यांच्या हेलिकॉप्टरवर आधारलेली खेळणी त्यांच्या हयातीतच बाजारात आली. १८७८ मध्ये अमेरिकेत मिल्टन राइट यांनी असे एक खेळणे आपल्या विल्बर आणि ऑर्व्हिल या मुलांसाठी घरी आणले. विल्बर तेव्हा ११ आणि ऑर्व्हिल ७ वर्षांचे होते. खेळणे मोडल्यावर त्यांनी त्याच्या नकला बनवल्या. मोठ्या आकाराच्या नकला मात्र नीट उडाल्या नाहीत. त्यामागे आकारमानाचाच नियम आहे, हे त्यांना पुढे उमगले. १९०३ मध्ये राइट बंधूंनी उडवलेल्या विमानात सुमारे १२ अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन होते. त्याच्या जोडीला सुमारे २.६ मीटर व्यासाचे, परस्परविरुद्ध फिरणारे दोन प्रोपेलर होते. ते साखळ्यांनी इंजिनापेक्षा कमी वेगात फिरवले जात. उपलब्ध थोड्या शक्तीला मोठा व संथ प्रोपेलर जोडण्याचे हे उदाहरण होते. प्रोपेलर म्हणजे फिरणारा पंखच, असे मानून त्यांनी त्याची आकडेमोड केली होती.

अमेरिकन शास्त्रज्ञ सॅम्युअल लँग्ली यांनी १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पेनो यांच्या धर्तीवर रबराची ३० हून अधिक मॉडेल बनवली. रबरी शक्तीचा काळ फार अल्प असल्यामुळे त्यांना त्यांतून हवी तशी मोजमापे मिळाली नाहीत आणि ते वाफेकडे वळले. त्यांच्या वाफेवरील मॉडेलने ६ मे १८९६ रोजी पोटोमॅक नदीवर सुमारे १ किलोमीटर उड्डाण केले. ऑस्ट्रेलियात लॉरेन्स हारग्रेव्ह यांनीही आरंभीच्या प्रयोगांत रबराचाच उपयोग केला.

पेनो यांचा सर्वांत व्यापक वारसा मॉडेल विमानांच्या छंदात आहे. पिळलेल्या रबरावर उडणारी विमाने आजही शाळांमध्ये आणि स्पर्धांमध्ये वापरली जातात. त्यांचे प्रोपेलर अजूनही मोठे आणि संथ असतात. छोट्या इंजिनांवर चालणाऱ्या मॉडेल विमानांत शक्तीचे साधन बदलले, तरी जुळणीचा प्रश्न तोच राहिला. १९४० च्या दशकात अमेरिकेत लोकप्रिय झालेल्या कंट्रोल लाइन प्रकारात विमान दोन बारीक तारांना बांधलेले असते. ते चालकाभोवती वर्तुळात उडते. त्याचे लहान दुटप्पी इंजिन मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेऊ शकते, म्हणून त्याला रबरी मॉडेलपेक्षा लहान व्यासाचा प्रोपेलर लागतो. अशा प्रोपेलरवर व्यास आणि पिच हे दोन आकडे इंचांत लिहिलेले असतात. ०.०४९ घन इंच क्षमतेच्या इंजिनाला ६ बाय ३ आणि ०.३५ घन इंचाच्या इंजिनाला १० बाय ६ ही मापे परिचित आहेत. वेगाच्या स्पर्धेत कमी व्यास व जास्त पिच निवडतात. कसरतींसाठी मोठा व्यास व कमी पिच पसंत करतात, कारण त्यामुळे चढताना आणि उतरताना विमानाचा वेग साधारण समान राहतो. व्यास किंवा पिच गरजेपेक्षा जास्त असल्यास इंजिन दबते आणि तापते. ते कमी असल्यास इंजिन नुसतेच भन्नाट फिरते, पण तारा ताणून ठेवण्याइतका वेग विमानाला मिळत नाही. २४० पिळांच्या शक्तीला २१ सेंटिमीटरचा प्रोपेलर जोडताना पेनो यांच्यापुढेही याच स्वरूपाची निवड होती.